विश्लेषण : वय मोठे की कारकीर्द मोठी? लोकनायक अणे आणि संसदेतील ज्येष्ठतेचा हिशेब

रिसोड : दर पाच वर्षांनी नवी लोकसभा निवडून आली की एक जुना वाद पुन्हा डोके वर काढतो. नव्या खासदारांना शपथ कोणी द्यायची? सभागृहाला अजून अध्यक्ष नसतो, म्हणून एखाद्या ज्येष्ठ सदस्याला तात्पुरते, म्हणजे हंगामी अध्यक्ष नेमले जाते. ज्येष्ठ म्हणजे नेमका कोण, यावर मात्र हमखास खडाजंगी होते. २०२४ मध्ये तेच झाले. हा हिशेब समजून घ्यायला आपल्या वऱ्हाडातल्याच एका माणसाचे आयुष्य उपयोगी पडते. माधव श्रीहरी अणे, म्हणजेच लोकनायक बापूजी अणे. शंभर वर्षांपूर्वी दिल्लीच्या कायदेमंडळात रिसोडचाही प्रतिनिधी तेच होते.

रिसोडचा प्रतिनिधी, तो कसा?

आज रिसोड विधानसभा क्षेत्र अकोला लोकसभा मतदारसंघात येते, तर त्याच वाशीम जिल्ह्यातली वाशीम आणि कारंजा ही दोन क्षेत्रे यवतमाळ-वाशीममध्ये. १९२३ साली अशी विभागणी नव्हती. वाशीम जिल्हा १९०५ मध्येच मोडला होता (तो परत झाला १ जुलै १९९८ रोजी) आणि रिसोड अकोला जिल्ह्यात होते. अमरावती, अकोला, बुलढाणा, यवतमाळ या चारही जिल्ह्यांना मिळून मध्यवर्ती कायदेमंडळात सर्वसाधारण अशी एकच जागा होती. मतदानाचा हक्कही सरसकट नव्हता, ठरावीक शेतसारा किंवा कर भरणाऱ्यांनाच तो होता. त्यामुळे गावातल्या बहुतेकांना आपला प्रतिनिधी निवडायला कोणी विचारलेच नाही.

या जागेची आणखी एक गंमत होती. वऱ्हाड कागदोपत्री निजामाचे. १९०२ च्या करारानुसार इंग्रजांनी ते कायमच्या भाडेपट्ट्याने घेतलेले. कायद्याच्या भाषेत हा ब्रिटिश हिंदुस्थान नव्हे, मग इथला माणूस ब्रिटिश हिंदुस्थानच्या कायदेमंडळात निवडून कसा जाणार? तोड अशी काढली की वऱ्हाडात निवडणूक घ्यायची आणि जो जिंकेल त्याला सरकारने नियुक्त करायचे. म्हणजे लोकांनी निवडलेला, पण दप्तरी नोंद नियुक्त सदस्याची. १९२३ च्या अखेरीस झालेल्या निवडणुकीतून या जागेवर अणे दिल्लीला गेले.

वणीचा मास्तर, यवतमाळचा वकील

अण्यांचा जन्म २९ ऑगस्ट १८८० चा, यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीचा. शिक्षण नागपूरच्या मॉरिस कॉलेजात. नंतर काही वर्षे अमरावतीच्या एका खासगी शाळेत मास्तरकी केली, कायद्याची पदवी घेतली आणि यवतमाळला वकिली सुरू केली. लोकमान्य टिळकांशी संबंध आला आणि तो आयुष्यभर पुरला. होमरूलच्या दिवसांत ते विदर्भभर फिरले. १९२१ पासून विदर्भ प्रांतिक काँग्रेसची धुरा त्यांच्याकडे आली.

टिळकांच्या पठडीतले असल्याने कायदेमंडळावर बहिष्कार टाकावा हे त्यांना फारसे पटत नव्हते. आत जाऊन भांडावे, मिळेल ते पदरात पाडून पुढचे मागावे, हा त्या पठडीचा मार्ग. म्हणून स्वराज्य पक्ष निघाला तेव्हा ते त्यात गेले आणि पुढे न. चिं. केळकर, मु. रा. जयकर यांच्यासह प्रतियोगी सहकारितेच्या गटात आले. १९२६ च्या निवडणुकीनंतरही वऱ्हाडची जागा त्यांच्याकडेच राहिली.

पहिला खंड : जंगलातले गवत

ज्येष्ठतेच्या दृष्टीने अण्यांच्या आयुष्यात महत्त्वाच्या आहेत त्या रिकाम्या जागा. पहिली पडली १९३० मध्ये. गांधीजींनी मिठाचा सत्याग्रह पुकारला. वऱ्हाडात समुद्र नाही. अकोला जिल्ह्यात दहिहांड्याच्या खाऱ्या विहिरींच्या पाण्यापासून मीठ काढून कायदा मोडला गेला, पण साऱ्या वऱ्हाडाला तशा विहिरी कुठून असणार? इथल्या शेतकऱ्याचे रोजचे दुखणे होते राखीव जंगलाचे. गुरांना चारा नाही, जळणाला काटकी नाही आणि डोळ्यांसमोर जंगल. कायदा मोडायचा तर हाच मोडावा असे ठरले आणि १० जुलै १९३० रोजी अण्यांनी पुसद भागातल्या राखीव जंगलात गवत कापले. वयाची पन्नाशी आलेली, नाव झालेले वकील, दिल्लीतली जागा, हे सगळे बाजूला ठेवून ते तुरुंगात गेले. रिसोड, वाशीम, पुसद हा सगळा पट्टा त्या काळात या आंदोलनाने ढवळून निघाला.

कायदेमंडळाच्या पुस्तकात मात्र याची नोंद एवढीच : सदस्यत्व संपले. तुरुंगातली वर्षे कोणत्याही ज्येष्ठता यादीत धरली जात नाहीत.

१९३३ मध्ये मोठे पुढारी तुरुंगात असताना अण्यांनी काँग्रेसचे कार्यकारी अध्यक्षपद सांभाळले. दुसऱ्याच वर्षी जातीय निवाड्यावरून मतभेद झाले. पंडित मदनमोहन मालवीय आणि अणे यांनी काँग्रेस नॅशनॅलिस्ट पक्ष काढला आणि निवडणुकीनंतर अणे त्या पक्षाचे नेते म्हणून पुन्हा सभागृहात आले. म्हणजे मोजणी परत सुरू.

दुसरा खंड : मंत्रिपद, सिलोन, राजभवन

१९४१ मध्ये त्यांनी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात जागा स्वीकारली. परदेशस्थ हिंदी लोकांचे खाते त्यांच्याकडे होते. हा निर्णय अनेकांना रुचला नाही, आणि जंगल सत्याग्रहाच्या पुढाऱ्याने युद्धकाळात इंग्रज सरकारात बसावे हे आजही थोडे खटकतेच. पण १९४३ च्या फेब्रुवारीत गांधीजींनी आगाखान पॅलेसमध्ये २१ दिवसांचे उपोषण सुरू केले, सरकार त्यांना सोडायला तयार होईना, तेव्हा अणे, होमी मोदी आणि नलिनीरंजन सरकार या तिघांनी राजीनामे दिले. त्यानंतर अण्यांना भारत सरकारचे प्रतिनिधी म्हणून सिलोनला (आजचे श्रीलंका) पाठवण्यात आले.

१९४७ मध्ये दख्खनकडील संस्थानांच्या वतीने ते संविधान सभेत आले. तिथेही फार दिवस राहिले नाहीत. जानेवारी १९४८ मध्ये ते बिहारचे राज्यपाल झाले आणि जून १९५२ पर्यंत पाटण्यात होते. राज्यपालाला संसदेचे सदस्य राहता येत नाही, हे आपल्या संविधानाच्या अनुच्छेद १५८ मध्ये स्पष्टच आहे. थोडक्यात, पद जितके मोठे तितका संसदीय हिशेबातला खड्डा मोठा! मंत्री, राजदूत, राज्यपाल, मुख्यमंत्री यांपैकी कशानेही संसद सदस्यत्वाची वर्षे वाढत नाहीत.

नागपूरचे अपक्ष, वय ८१

राजभवनातून उतरल्यावर बहुतेक जण घरी बसतात. अण्यांच्या मनात स्वतंत्र विदर्भ होता. राज्य पुनर्रचना आयोगाने विदर्भाचे वेगळे राज्य करावे अशी शिफारस केली, पण १९५६ मध्ये विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात गेला. दुसऱ्या लोकसभेच्या काळात नागपूरची जागा रिकामी झाली. नागविदर्भ आंदोलनाच्या पाठबळावर अणे पोटनिवडणुकीत उतरले आणि निवडून आले. १९६० मध्ये महाराष्ट्र झाला, मागणी मागे पडली. तरी १९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकीत नागपूरकरांनी त्यांना पुन्हा, या वेळी अपक्ष म्हणून, लोकसभेत पाठवले. तेव्हा त्यांचे वय ८१ होते.

मग एप्रिल १९६२ मध्ये तिसरी लोकसभा भरली, तेव्हा हंगामी अध्यक्ष कोण झाले? जबलपूरचे सेठ गोविंद दास. वय ६५, म्हणजे अण्यांपेक्षा तब्बल सोळा वर्षांनी लहान. नवल असे की हे दोघेही १९२३ च्या एकाच निवडणुकीतून, शेजारशेजारच्या मतदारसंघांतून मध्यवर्ती कायदेमंडळात पहिल्यांदा गेले होते. शर्यत एकाच रेषेवरून सुरू झाली. पण गोविंद दास संविधान सभेपासून पुढे एकदाही बाहेर राहिले नाहीत, त्याआधीच्या कायदेमंडळांतही त्यांची वर्षे भरपूर होती. सलग वर्षे मोजा किंवा एकूण, दोन्ही हिशेबांनी तेच पुढे होते. अणे पुढे होते ते फक्त वयात. १९५७, १९६२, १९६७ आणि १९७१ अशा चार लोकसभांचे हंगामी अध्यक्षपद गोविंद दास यांनीच सांभाळले.

वय कधीच धरले नाही का?

धरले होते. ९ डिसेंबर १९४६ रोजी संविधान सभा प्रथम भरली तेव्हा ७५ वर्षांचे डॉ. सच्चिदानंद सिन्हा यांना तात्पुरते अध्यक्ष केले, कारण ते सर्वांत वयोवृद्ध सदस्य होते. लोकसभा आल्यावर मात्र वयाऐवजी सदस्यत्वाची वर्षे हा निकष रूढ झाला.

हा निकष संविधानात लिहिलेला नाही. अनुच्छेद ९५ एवढेच सांगतो की अध्यक्ष आणि उपाध्यक्ष ही दोन्ही पदे रिकामी असतील तर राष्ट्रपती नेमतील त्या सदस्याने काम पाहावे. बाकी सगळी प्रथा. निवडणूक झाली की संसदीय कार्य मंत्रालय सर्वाधिक वर्षे सदस्य राहिलेल्यांची यादी करते, सरकार त्यातून नाव ठरवते, राष्ट्रपती शपथ देतात. मदतीला आणखी काही ज्येष्ठ सदस्य नेमले जातात, कारण ५४३ जणांना शपथ द्यायची म्हणजे दोन दिवस जातात.

मग २०२४ मध्ये वाद का झाला?

केरळचे कोडिकुन्नील सुरेश आठव्यांदा निवडून आले होते, ओडिशाचे भर्तृहरी महताब सातव्यांदा. सरकारने महताब यांना नेमले. विरोधकांचे म्हणणे, आठ मोठे की सात? सरकारचे उत्तर होते की महताब १९९८ पासून सलग आहेत, सुरेश मध्ये दोनदा, १९९८ आणि २००४ मध्ये हरले. दोन्ही बाजूंकडे आकडे होते, आणि लेखी नियम नसल्याने कोणालाच खोटे ठरवता येत नव्हते. आमच्या मते खरी अडचण हीच आहे. एक ओळीचा नियम लिहून ठेवला तर हा वाद मिटेल, पण कोणत्याच सरकारला आपले हात बांधून घ्यायचे नसतात.

महाराष्ट्राच्या वाट्याला हा मान २००९ मध्ये आला. नंदुरबारचे माणिकराव गावित १९८१ पासून सलग नऊ वेळा निवडून आले होते.

दोन दिवसांच्या पदासाठी एवढे कशाला?

लोकसभेत हे पद बहुधा मानाचेच असते. विधानसभेत मात्र त्यावर सरकार टिकू किंवा पडू शकते. नोव्हेंबर २०१९ आठवा. पहाटेच्या शपथविधीनंतर सर्वोच्च न्यायालयाने हंगामी अध्यक्षांच्या देखरेखीखाली बहुमत चाचणी घ्यायला सांगितले. राज्यपालांनी कालिदास कोळंबकर यांना नेमले. चाचणीआधीच देवेंद्र फडणवीस यांनी राजीनामा दिला. पुढे सरकार बदलताच त्या खुर्चीवर दिलीप वळसे पाटील आले आणि उद्धव ठाकरे सरकारची बहुमत चाचणी त्यांच्यासमोर झाली. आमदारांची शपथ, मतमोजणी, गोंधळ झाल्यास निर्णय, सारे त्या खुर्चीवरच्या माणसाच्या हाती असते.

ज्येष्ठतेचा उपयोग आणखी कुठे होतो? सभागृहातली आसने अध्यक्ष ठरवतात. पक्षाच्या संख्याबळानुसार रांगा मिळतात आणि त्यात पुढची जागा सहसा जुन्या सदस्यांना. दिल्लीतला बंगला देतानाही आधीची पदे आणि वर्षे पाहतात. निवृत्तिवेतनाचे गणित आणखी वेगळे. माजी खासदाराला आता दरमहा ३१ हजार रुपये मिळतात, आणि पाच वर्षांपुढच्या प्रत्येक वर्षासाठी अडीच हजार जादा. इथे सलग की तुटक हा प्रश्न येत नाही, एकूण वर्षे धरतात. वारसाने मात्र यातले काहीच मिळत नाही. अकोल्यातून संजय धोत्रे चार वेळा खासदार झाले, पण २०२४ मध्ये निवडून आलेले त्यांचे पुत्र अनुप धोत्रे लोकसभेच्या यादीत पहिल्या वेळचेच सदस्य आहेत.

अण्यांचे पुढे काय झाले?

१९६७ मध्ये तिसरी लोकसभा संपली आणि त्यांची संसदीय नोंद तिथे थांबली. म्हातारपणी त्यांनी एक मोठे काम मात्र हातावेगळे केले. टिळकांच्या जीवनावर संस्कृतात ‘तिलकयशोर्णव’ हे हजारो श्लोकांचे महाकाव्य रचले. २६ जानेवारी १९६८ रोजी, वयाच्या ८७ व्या वर्षी ते गेले. त्याच वर्षीच्या पद्मविभूषणच्या मानकऱ्यांत त्यांचे नाव होते. महाकाव्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला तो १९७३ मध्ये, म्हणजे ते गेल्यावर पाच वर्षांनी.