खडकातला मळा : बाबा आमटे

मुरलीधर देवीदास आमटे यांचा जन्म २६ डिसेंबर १९१४ रोजी हिंगणघाटला, एका सुखवस्तू जमीनदार घराण्यात झाला. वकिली, शिकार, मोटार. कशाचीही वाण नव्हती. पण वरोड्याच्या वकिलीत मन रमले नाही. नगरपालिकेचे उपाध्यक्ष असताना त्यांनी डोक्यावरून मैलाही वाहिला. असा हा निर्भय माणूस एका पावसाळी रात्री तुळशीराम नावाच्या मरणासन्न कुष्ठरोग्याला पाहून भ्याला आणि पळाला! त्या भीतीनेच त्यांच्या आयुष्याला वळण दिले. कलकत्त्यास जाऊन त्यांनी कुष्ठोपचाराचे शिक्षण घेतले.

१९४९ मध्ये महारोगी सेवा समिती निघाली. १९५१ साली साधनाताई, दोन चिमुकले मुलगे, सहा रोगी, एक लंगडी गाय आणि चौदा रुपये एवढ्या भांडवलावर वरोड्याजवळच्या खडकाळ माळावर आनंदवन सुरू झाले. पहिले काम विहीर खणण्याचे; मग भाजीपाला.

दिघोरीच्या बांधीत रोवणी करणाऱ्याला चिखल हाताला कळतो. कुष्ठरोग्याच्या बधिर बोटांना काटाही कळत नाही. जखम चिघळते आणि बोट जाते. अशा हातांत कुदळ द्यायची म्हणजे जोखीमच. रोज जखमा पाहाव्या लागत. तरीही बाबांनी ती दिली. औषध जंतू मारते, पण भिकेने मेलेले मन जिवंत करीत नाही, हे त्यांनी ओळखले होते. आपण लावलेल्या रोपाला वांगे धरले आणि ते दुसऱ्याने खाल्ले, की रोगी स्वतःला निरुपयोगी समजेनासा होतो.

पण खाणार कोण? गरजेहून अधिक भाजी पिकली, तरी वरोड्यात कोणी घेईना. पुढे सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनलचे परदेशी तरुण आनंदवनात राबायला आले, तिथलेच अन्न जेवले. तेव्हा कुठे गावाची भीड चेपली, आणि भाजी व दूध खपू लागले. परक्यांनी खाल्ल्यावर आपल्याला ती गोड लागावी, हे जरा बोचतेच. मला मात्र १९८५ च्या मॅगसेसे पुरस्कारापेक्षा ही पहिली विक्री मोठी वाटते. आपल्या भंडारा जिल्ह्यातून हा रोग अजून गेलेला नाही, म्हणून तर अधिकच.

१९६४ मध्ये त्याच भूमीवर, रोग्यांच्या हातांनी बांधलेले आनंद निकेतन महाविद्यालय उभे राहिले. धडधाकट मुले तेथे शिकू लागली. १९६७ मध्ये मूलजवळ सोमनाथची शेती सुरू झाली. पाठीच्या कण्याच्या व्याधीमुळे बाबांना बसता येईना. उभ्याने किंवा पडून त्यांनी कामे चालविली. ९ फेब्रुवारी २००८ रोजी ते आनंदवनात निवर्तले. दहन झाले नाही. त्यांचा देह तिथल्याच मातीत ठेवण्यात आला.