जॉन क्विन्सी ॲडम्स

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचा अध्यक्ष दर चार वर्षांनी निवडला जातो. अधिकारावर असलेल्या अध्यक्षाने पुन्हा निवडणुकीस उभे राहावे आणि लोकांनी त्यास नाकारावे, असे त्या देशात अनेकदा घडले आहे. हा प्रसंग प्रथम इ. स. १८०० साली दुसरे अध्यक्ष जॉन ॲडम्स यांच्यावर आला. त्यानंतर अठ्ठावीस वर्षांनी तो आला त्यांच्याच पुत्रावर. हे पुत्र म्हणजे जॉन क्विन्सी ॲडम्स.

त्यांचा जन्म ११ जुलै १७६७ रोजी मॅसॅच्युसेट्स प्रांतातील ब्रेन्ट्री या गावी झाला. वयाच्या अकराव्या वर्षी ते पित्याबरोबर फ्रान्सला गेले. पुढे त्यांनी स्वतः अनेक देशांत राजदूताचे काम केले. विद्वत्ता मोठी, उद्योग अखंड. पण स्वभाव ताठ. लोकांना आपलेसे करणे त्यांना कधी साधले नाही. १८२५ साली ते अध्यक्ष झाले, तेही अडचणीनेच. कोणालाही बहुमत न मिळाल्यामुळे प्रतिनिधिगृहाने त्यांची निवड केली होती. अधिक मते मिळवूनही मागे राहिलेले अँड्र्यू जॅक्सन यांचे अनुयायी त्यामुळे खवळले. रस्ते, कालवे, वेधशाळा अशा ॲडम्स यांच्या योजनांपैकी बहुतेक कागदावरच राहिल्या. १८२८ च्या निवडणुकीत जॅक्सन यांना १७८ आणि ॲडम्स यांना अवघी ८३ निर्वाचक मते पडली. नव्या अध्यक्षांच्या शपथविधीसही ते गेले नाहीत. एवढ्या मोठ्या माणसास हे शोभले नाही, असेच म्हटले पाहिजे.

१८३० साली त्यांच्या भागातील लोकांनी त्यांना प्रतिनिधिगृहात जाण्याची गळ घातली. अध्यक्षपद भोगलेल्या पुरुषाने साध्या सभासदाच्या बाकावर बसावे, हे घरच्या मंडळींनाही रुचेना. ॲडम्स यांना मात्र त्यात कमीपणा वाटला नाही. ते निवडून आले आणि मरेपर्यंत निवडून येत राहिले.

त्या काळी दक्षिणेतील संस्थानांत निग्रो लोकांना गुलाम म्हणून राबविले जात असे. ही प्रथा बंद करावी, असे हजारो अर्ज लोक पाठवीत. १८३६ साली सभागृहाने नियम केला, की अशा अर्जांवर चर्चाच करावयाची नाही. अर्ज करण्याचा हक्क हा प्रजेचा मूळ हक्क आहे. तो हिरावून घेणारा हा नियम ॲडम्स यांना मुळीच मान्य नव्हता. ते दर अधिवेशनात अर्ज घेऊन उभे राहत. विरोधक ओरडत, अध्यक्ष खाली बसावयास सांगत, वृद्ध ॲडम्स पुन्हा उठत. १८३७ साली त्यांनी विचारले, की खुद्द गुलामांनी केलेल्या अर्जास हा नियम लागू पडतो काय? सभागृहात एकच कल्लोळ उडाला. त्यांच्या निषेधाचे ठराव आले. मग ॲडम्स यांनी शांतपणे सांगितले, की त्या अर्जात गुलामगिरी बंद करण्याची मागणी नाहीच. मागणी नेमकी उलट आहे! विरोधकांची मोठी फजिती झाली.

१८४१ साली ‘अमिस्ताद’ जहाजावरील बंदी आफ्रिकी लोकांची बाजू त्यांनी सर्वोच्च न्यायालयात मांडली. तेव्हा त्यांचे वय ७३ होते. न्यायालयाने त्या लोकांना मुक्त केले. सभागृहातील झगडा मात्र आठ वर्षे चालला. अखेर ३ डिसेंबर १८४४ रोजी त्यांच्याच ठरावाने तो नियम रद्द झाला.

२१ फेब्रुवारी १८४८ रोजी सभागृहात आपल्या जागेवरच ते कोसळले. त्यांना बाहेर हलविणे शक्य नव्हते. त्याच इमारतीतील सभापतींच्या दालनात दोन दिवसांनी त्यांचे प्राणोत्क्रमण झाले.