एचपीव्ही पॉझिटिव्ह म्हणजे जोडीदारानं फसवलं? र. धों. कर्वे १०० वर्षांपूर्वी याच लाजेशी लढत होते

माण-हिंजवडीतली आयटी कंपनी असो की चाकणचा कारखाना, एचपीव्हीचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला की अनेकांना आजाराच्या आधी जोडीदाराचा संशय येतो. लैंगिक आजार म्हणजे चारित्र्याला डाग, हा समज जुनाच आहे. तो खोडण्यात एका मराठी माणसानं आयुष्य घालवलं.

कोण होते र. धों.?

रघुनाथ धोंडो कर्वे म्हणजे महर्षी कर्वेंचे थोरले चिरंजीव. जन्म १४ जानेवारी १८८२, कोकणातल्या मुरुडचा. लहानपणीच त्यांची आई राधाबाई बाळंतपणात गेली.

पुढे ते गणिताचे प्राध्यापक झाले. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केलं. लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचा दवाखाना सुरू झाला, तेही हेच वर्ष. या कामात पत्नी मालतीबाई त्यांच्यासोबत होत्या.

गुप्तरोगांवरही त्यांनी पुस्तक लिहिलं. हा पापाचा दंड नाही, आजार आहे, ही त्यांची भूमिका होती. या कामापायी प्राध्यापकाची नोकरी गेली.

खटला आणि दंड

जुलै १९२७ मध्ये त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक काढलं. त्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ मध्ये त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. तरीही ते हरले आणि दंड झाला. मासिक मात्र त्यांनी अखेरपर्यंत चालवलं. १४ ऑक्टोबर १९५३ ला त्यांचं निधन झालं.

मग एचपीव्हीचं काय?

या विषाणूचा गर्भाशयमुखाच्या कॅन्सरशी असलेला संबंध कर्वेंच्या हयातीत कुणाला माहीत नव्हता. आज माहीत आहे:

• लैंगिक संबंध ठेवणाऱ्या बहुतेक स्त्री-पुरुषांना आयुष्यात कधी ना कधी एचपीव्हीची लागण होते. जोडीदार एकच असला तरीही होऊ शकते.
• बहुतेकदा शरीर एक-दोन वर्षांत विषाणूला स्वतःच हटवतं.
• तो वर्षानुवर्षं लक्षणांशिवाय राहू शकतो. त्यामुळे लागण कधी आणि कुणाकडून झाली, हे रिपोर्टवरून कळत नाही.
• काही प्रकार टिकून राहिले, तर कॅन्सरचा धोका असतो. म्हणून तपासणी महत्त्वाची.
• कंडोममुळे धोका कमी होतो, पण पूर्ण टळत नाही. लस आहे, पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनंही ती बनवली आहे.

म्हणजे रिपोर्ट पॉझिटिव्ह आला, तर घरात भांडण नको. डॉक्टरांकडे जा आणि पुढची तपासणी करून घ्या. लाजेपोटी ती टाळली, तर वेळेत बरा होऊ शकणारा आजार हाताबाहेर जाऊ शकतो.