जिद्दी कारागीर ब्रूस मॅक्लॅरेन

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या मोहल्ल्यात मोटार दुरुस्तीचे एखादे गॅरेज असेलच. शाळेतून घरी जाताना तुम्ही तेथे कधीतरी थांबला असाल. उघडे बॉनेट, जमिनीवर पसरलेले पाने आणि तेलाने काळे झालेले मेकॅनिकचे हात तुम्ही पाहिले असतील. अशाच एका गॅरेजात वाढलेल्या मुलाची ही गोष्ट आहे. त्याचे नाव ब्रूस मॅक्लॅरेन.

ब्रूसचा जन्म ३० ऑगस्ट १९३७ रोजी न्यूझीलंडमधील ऑकलंड शहरात झाला. त्याच्या वडिलांचा पेट्रोल पंप होता आणि त्याला जोडूनच गॅरेज होते. वडिलांना शर्यतींचा शौक होता. त्यामुळे इंजिनाचा आवाज ब्रूसच्या कानांना लहानपणापासूनच ओळखीचा झाला.

ब्रूस नऊ वर्षांचा असताना त्याच्यावर मोठे संकट आले. त्याच्या खुब्याला पर्थीस नावाचा आजार झाला. या आजारात खुब्याच्या हाडाला पुरेसे रक्त मिळत नाही आणि हाड झिजत जाते. ब्रूसला सुमारे दोन वर्षे घरापासून दूर, एका रुग्णालयात पलंगावर पडून राहावे लागले. कल्पना करा, तुमच्या वयाहून लहान मुलगा! बाहेर मुले खेळत आहेत आणि याला उठून बसण्याचीही परवानगी नाही. ब्रूस बरा झाला, पण त्याचा डावा पाय उजव्या पायापेक्षा आखूड राहिला. पुढे आयुष्यभर तो थोडा लंगडत चालत असे.

धावण्याच्या शर्यतीत मागे पडणाऱ्या या मुलाने दुसरीच शर्यत निवडली. वडिलांनी ऑस्टिन सेव्हन नावाची एक जुनी, लहानशी मोटार विकत घेतली होती. बापलेकांनी ती खोलली, तिचे भाग साफ केले आणि पुन्हा जोडले. तीच मोटार घेऊन १९५२ मध्ये ब्रूस पहिल्यांदा चढणीच्या शर्यतीत उतरला. आपण जोडलेली मोटार कोठे कमी पडते, हे तो ती चालवतानाच शिकला.

१९५८ मध्ये न्यूझीलंडच्या मोटार शर्यत संघटनेने एका तरुण चालकाला युरोपात पाठवायचे ठरवले. तिने ब्रूसची निवड केली. इंग्लंडमध्ये त्यांना कूपर कंपनीच्या संघात जागा मिळाली. १२ डिसेंबर १९५९ रोजी अमेरिकेतील सेब्रिंग येथे त्यांनी ग्रां प्री शर्यत जिंकली. त्या वेळी ते केवळ २२ वर्षांचे होते.

इतके यश मिळाल्यावर दुसरा कोणी समाधानी झाला असता. मॅक्लॅरेन यांना मात्र स्वतःची मोटार बनवायची होती. १९६३ मध्ये त्यांनी स्वतःची लहानशी कंपनी काढली. तिचे पहिले कारखाने म्हणजे साध्या शेडच होत्या. एका शेडची जमीन मातीची होती आणि शेजारी रस्ता सपाट करण्याचे यंत्र उभे असे.

१९६४ मध्ये त्यांनी झेरेक्स स्पेशल नावाची एक मोटार विकत घेतली. अपघातात सापडलेल्या एका कूपर मोटारीपासून अमेरिकेत ती तयार केलेली होती. तिचे इंजिन चार सिलिंडरांचे, २.७ लिटरचे होते. त्या जागी मॅक्लॅरेन यांनी ओल्डस्मोबिल कंपनीचे आठ सिलिंडरांचे इंजिन बसवायचे ठरवले. ते अॅल्युमिनियमचे असल्यामुळे आकाराच्या मानाने हलके होते. मुळात ते ३.५ लिटरचे होते, पण वाढवून ३.९ लिटरचे केले होते.

तुम्ही म्हणाल, त्यात काय कठीण? जुने इंजिन काढायचे आणि नवे बसवायचे! पण तसे नसते. शक्तिशाली इंजिन जोर लावते, तेव्हा मोटारीचा सांगाडा पिळला जातो. सांगाडा पिळला, की चाके सरळ राहत नाहीत आणि वळणावर मोटार चालकाचे ऐकत नाही. गिअरवरचा ताण वाढतो. इंजिन जास्त तापते, म्हणून ते थंड ठेवण्याची सोय करावी लागते. वेग वाढतो, म्हणून ब्रेकही तेवढेच मजबूत लागतात. अशक्त बैलाच्या मानेवर मोठे जू ठेवून चालत नाही, तसेच हे आहे.

म्हणून मॅक्लॅरेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सांगाड्याचा मधला भाग कापून काढला. त्या जागी अधिक भक्कम नळ्यांचा नवा भाग जोडला. मगच त्यावर नवे इंजिन चढले. जून १९६४ मध्ये कॅनडातील मोस्पोर्ट येथे ही मोटार पहिल्यांदा शर्यतीत उतरली आणि पहिल्याच शर्यतीत जिंकली! त्याच वर्षी त्यांनी संपूर्ण स्वतःची मोटारही तयार केली.

यानंतर यश मिळतच गेले. १९६८ मध्ये बेल्जियमची ग्रां प्री शर्यत त्यांनी स्वतःच्या नावाच्या मोटारीत जिंकली. कॅन-अॅम ही कॅनडा व अमेरिकेतील मोठी शर्यतमाला होती. १९६९ मध्ये तिच्या ११ पैकी ११ शर्यती त्यांच्याच मोटारींनी जिंकल्या. त्या मोटारींत शेव्हरोले कंपनीचे सुमारे ७ लिटरचे इंजिन होते.

मॅक्लॅरेन नवी मोटार स्वतः चालवून पाहत. २ जून १९७० रोजी इंग्लंडमधील गुडवूड येथे ते अशीच एक मोटार तपासत होते. भर वेगात मोटारीचे मागचे आवरण सुटून उडाले. मोटार ताब्यात राहिली नाही आणि त्या अपघातात त्यांचा मृत्यू झाला. ते केवळ ३२ वर्षांचे होते. इंजिन चांगले होते, सांगाडा भक्कम होता, पण एक आवरण सुटले आणि सारे संपले. यंत्रात लहान भाग असा कोणताच नसतो, हे लक्षात ठेवा.

कारखान्यातले सहकारी दुःखात बुडाले होते. त्यांचे मित्र व सहचालक डेनी हुल्म यांचे हात नुकतेच एका अपघातात भाजले होते. तरीही कोणी काम सोडले नाही. १२ दिवसांनी, १४ जून १९७० रोजी, मोस्पोर्ट येथेच शर्यत होती. हुल्म भाजलेल्या हातांनी शर्यतीत उतरले. त्यांच्या संघातील डॅन गर्नी यांनी ती शर्यत जिंकली. ज्या मैदानावर मॅक्लॅरेन यांनी स्वतः घडवलेली मोटार जिंकवली होती, तेथेच त्यांच्या माणसांनी त्यांचे काम पुढे नेले.

मित्रांनो, आता गॅरेजजवळून जाताना तेथे काम करणाऱ्या मुलाकडे नीट पाहा. त्याच्या काळ्या हातांत कोणते हुनर दडले आहे, कोणास ठाऊक!

स्वाध्याय
१. ब्रूसला लहानपणी कोणता आजार झाला? त्याचा काय परिणाम झाला?
२. नवे इंजिन बसवण्यापूर्वी सांगाडा का बदलावा लागला?
३. मॅक्लॅरेन यांच्या मृत्यूनंतर त्यांच्या सहकाऱ्यांनी काय केले?
४. तुमच्या परिसरातील एका कारागिराविषयी पाच वाक्ये लिहा.