गोळीमागची कॅथरिन

गर्भनिरोधक गोळीचा इतिहास सांगताना ग्रेगरी पिंकस, जॉन रॉक आणि मार्गारेट सँगर यांची नावे हमखास घेतली जातात. या संशोधनाचा जवळजवळ सारा खर्च जिने एकटीने उचलला, ती कॅथरिन डेक्स्टर मॅकॉर्मिक मात्र दीर्घकाळ पडद्याआडच राहिली. मनोविकारावर औषध सापडावे म्हणून त्यांनी अर्धे आयुष्य वेचले. ते हाती लागले नाही. पण त्याच ध्यासातून संप्रेरकांची जी ओळख झाली, ती पुढे कोट्यवधी स्त्रियांच्या उपयोगी पडली.

कॅथरिन यांचा जन्म २७ ऑगस्ट १८७५ रोजी मिशिगन राज्यातील डेक्स्टर या गावी, सधन घराण्यात झाला. वडील शिकागोतील नामांकित वकील. कॅथरिन चौदा वर्षांच्या असताना ते हृदयविकाराने गेले आणि काही वर्षांतच थोरल्या भावालाही मेंदूज्वराने ओढून नेले. या मृत्यूंनी त्या विज्ञानाकडे वळल्या. बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतून १९०४ मध्ये त्यांनी जीवशास्त्राची पदवी मिळवली. पिसांची टोपी घालून प्रयोगशाळेत वावरणे धोक्याचे आहे, हे त्यांनी संस्थेला तेथेच ठणकावून सांगितले होते.

पुढे वैद्यकीय शिक्षण घेण्याचा विचार होता. पण त्याच वर्षी कापणीयंत्रामुळे प्रसिद्ध झालेल्या सायरस मॅकॉर्मिक यांचे धाकटे चिरंजीव स्टॅन्ले यांच्याशी त्यांचा विवाह झाला. दोन वर्षांतच स्टॅन्ले यांच्या मनाचा तोल ढळला. आज ज्याला स्किझोफ्रेनिया म्हणतात, तो हा आजार. कॅलिफोर्नियातील कुटुंबाच्या प्रासादात त्यांना ठेवण्यात आले. स्त्रियांचे दर्शन त्यांना सहन होत नाही, या कारणास्तव पत्नीलाही कित्येक वर्षे त्यांच्यासमोर जाऊ दिले गेले नाही.

कॅथरिन खचल्या नाहीत. या आजाराचे मूळ अंतःस्रावी ग्रंथींच्या बिघाडात असावे, अशी त्यांची धारणा झाली. १९२७ मध्ये त्यांनी हार्वर्डच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्यावर संशोधन करणारे प्रतिष्ठान उभारले. पतीवर मनोविश्लेषणाचे उपचार करावेत की ग्रंथींचे, यावरून सासरच्या मंडळींशी न्यायालयीन झगडाही केला. पण त्यांची धारणा खरी ठरली नाही. स्टॅन्ले १९४७ मध्ये निवर्तले. मनोविकारावरील पहिले परिणामकारक औषध, क्लोरप्रोमाझिन, त्यानंतर अवघ्या काही वर्षांत आले.

दरम्यान त्या स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीत आघाडीवर होत्या. १९१७ मध्ये त्यांची मार्गारेट सँगर यांच्याशी गाठ पडली. अमेरिकेत गर्भनिरोधक साधने आयात करण्यास कायद्याने मनाई होती. तेव्हा विसाच्या दशकात कॅथरिन यांनी युरोपातून हजाराहून अधिक डायाफ्राम कपड्यांच्या अस्तरात शिवून, पेट्यांमधून अमेरिकेत आणले आणि सँगर यांच्या दवाखान्यांना पोचवले.

पतीच्या निधनानंतर अफाट संपत्ती त्यांच्या हाती आली. ८ जून १९५३ रोजी सँगर यांच्यासमवेत त्या वूस्टरजवळच्या प्रयोगशाळेत पिंकस यांना भेटल्या. स्त्रीला स्वतःच्या हाती ठेवता येईल असे, पोटात घेण्याचे औषध त्यांना हवे होते. पुढील वर्षांत त्यांनी या कामासाठी सुमारे वीस लाख डॉलर दिले. पिंकस आणि मिन चुए चँग यांनी अनेक कृत्रिम संप्रेरके प्राण्यांवर तपासून त्यांची तुलना केली. नैसर्गिक प्रोजेस्टेरॉन तोंडाने घेतल्यास फार मोठी मात्रा लागे. नॉरएथिनोड्रेल मात्र अल्प मात्रेतही प्रभावी ठरले. १९६० मध्ये ‘एनोव्हिड’ या गोळीला गर्भनिरोधक म्हणून अमेरिकेत मान्यता मिळाली.

या यशाला काळी किनारही आहे. पूर्वचाचण्या वूस्टरच्या मनोरुग्णालयातील रुग्णांवर झाल्या. संमती देण्याच्या स्थितीत ते नव्हतेच. मनोरुग्णाच्या पत्नीच्या पैशातून हे घडावे, हा दैवदुर्विलास होय. १९५६ पासून प्युर्टो रिकोतील गरीब स्त्रियांवर मोठी चाचणी झाली. तेथील डॉ. एडरिस राइस-रे यांनी मळमळ, चक्कर, डोकेदुखी अशा तक्रारी नोंदवल्या, पण त्या गांभीर्याने घेतल्या गेल्या नाहीत. आजच्या गोळ्यांत संप्रेरकांचे प्रमाण तेव्हाच्या मानाने खूपच कमी असते.

याच संप्रेरकांच्या वाटेने पुढे तातडीची गोळी आली. लेव्होनॉरजेस्ट्रेलची दीड मिलिग्रॅमची मात्रा संबंधानंतर ७२ तासांच्या आत घ्यावयाची असते. जितकी लवकर, तितकी गुणकारी. युलिप्रिस्टल १२० तासांपर्यंत चालते. पाच दिवसांच्या आत बसवलेली तांबी या सर्वांत अधिक खात्रीची. कॅथरिन यांच्या आयुष्यातील दोन धागे, मन आणि संप्रेरके, येथेही एकमेकांत गुंततात. नैराश्यावरील नेहमीच्या औषधांनी तातडीच्या गोळीचा प्रभाव सहसा घटत नाही. मात्र नैराश्यासाठी घेतली जाणारी सेंट जॉन्स वर्ट ही वनौषधी किंवा मनःस्थिती स्थिर ठेवण्यासाठी दिले जाणारे कार्बामाझेपिन चालू असेल, तर गोळी कमी पडू शकते. तांबीला ती बाधा नाही. अशा स्त्रियांनी चालू औषधांची माहिती डॉक्टरांना देणे अगत्याचे ठरते. डेन्मार्कमध्ये दहा लाखांहून अधिक स्त्रियांच्या नोंदींवर आधारलेल्या २०१६ च्या अभ्यासात संप्रेरकयुक्त गर्भनिरोधके आणि नैराश्य यांचा संबंध आढळला. मात्र एकामुळेच दुसरे होते, असे त्यातून सिद्ध झालेले नाही.

कॅथरिन मॅकॉर्मिक २८ डिसेंबर १९६७ रोजी, वयाच्या ९२ व्या वर्षी बॉस्टन येथे निवर्तल्या. ज्या संस्थेत त्या शिकल्या, तेथे विद्यार्थिनींसाठी त्यांनी बांधून दिलेले वसतिगृह १९६३ मध्ये खुले झाले. त्याला त्यांनी नाव दिले ते स्वतःचे नव्हे, स्टॅन्ले यांचे.