दीड दिवसाची शाळा आणि डफावरची थाप

दिवाळीनंतर मंडईचे दिवस आले की आमच्या गावात दंडार होते, खडी गंमत होते. माझे बाबा त्यात लुगडे नेसून नाचतात. रात्रभर गाव पोट धरून हसते आणि सकाळी बाबा पुन्हा धानाच्या बांधीत! गेल्या वर्षी एका मैत्रिणीने बाबा काय करतात असे विचारले, तेव्हा मी शेती करतात एवढेच सांगितले. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. नाच्याची मुलगी म्हणवून घ्यायला माझी जीभ रेटली नाही.

पुढे ग्रंथालयात ‘फकिरा’ ही कादंबरी हाती आली. ती लिहिणाऱ्याचे चरित्र वाचले आणि माझी मान खाली गेली.

तुकाराम भाऊराव साठे, म्हणजेच लोकशाहीर अण्णाभाऊ साठे, यांचा जन्म १ ऑगस्ट १९२० रोजी सांगली जिल्ह्यातील वाटेगाव येथे मातंग समाजात झाला. अस्पृश्यतेचे चटके बसत होतेच, त्यात दारिद्र्य. शाळा अवघ्या दीड दिवसात सुटली. लहानपणीच आईवडिलांबरोबर पायी चालत त्यांनी मुंबई गाठली. तिथे कोळसे वेचले, हमाली केली, गिरणीत राबले. दुकानांच्या पाट्या आणि सिनेमाची पोस्टरे हीच त्यांची अंकलिपी!

गावाकडे त्यांनी नातलगाच्या तमाशाच्या फडात काम केले. ढोलकी, पेटी, तुणतुणे ही वाद्ये त्यांच्या हाताला सरावली. १९४४ साली अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासह त्यांनी ‘लाल बावटा कलापथक’ उभे केले. तमाशाचा साचा त्यांनी मोडला नाही, त्यात नवे धान्य भरले. गणात गणपतीऐवजी मातृभूमीला आणि श्रमिकांना वंदन आले, गौळण गेली, वगात राजाराणीच्या जागी सावकार, पुढारी आणि कामगार उभे राहिले. ‘अकलेची गोष्ट’, ‘देशभक्त घोटाळे’ ही लोकनाट्ये गिरणगावातील हजारो माणसे उघड्यावर बसून पाहत. नाटककार, गायक, वादक, नट सारे एकाच देहात! सरकारने त्यांच्या तमाशावर बंदी घातली, तेव्हा तोच खेळ ते लोकनाट्य या नावाने करू लागले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांची ‘माझी मैना’ ही छक्कड घरोघरी पोचली. ज्या महाराष्ट्रासाठी ते गात होते, त्यात आमचा हा धानाचा मुलूखही आला, हे वाचताना मला फार जवळचे वाटले.

१९५८ साली मुंबईत भरलेल्या पहिल्या दलित साहित्य संमेलनाचे उद्घाटन त्यांनी केले. ‘फकिरा’ त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखणीला अर्पण केली. १९६१ साली तिला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला आणि त्याच वर्षी ते रशियाला जाऊन आले. एवढी कीर्ती झाली, पण मुक्काम घाटकोपरच्या चिरागनगर झोपडपट्टीतच होता. शेवटचे दिवस हलाखीत गेले. १८ जुलै १९६९ रोजी, वयाच्या अठ्ठेचाळीसाव्या वर्षी, हा डफ कायमचा थांबला.

ज्या तमाशाला शिकलेल्यांनी नाक मुरडले, त्याच तमाशाने न शिकलेल्यांना विचार दिला. मग माझ्या बाबांच्या पायांतल्या चाळांची मला लाज का वाटावी? अण्णाभाऊंना शाळा मिळाली दीड दिवस. मला चौदा वर्षे मिळाली, तरी घरातली कला ओळखता आली नाही! शिक्षण म्हणजे आपल्या माणसांपासून दूर जाणे नव्हे, एवढे तरी मी आता शिकले आहे.

यंदाच्या मंडईला त्या मैत्रिणीला मी गावी बोलावले आहे. आम्ही दोघी अगदी पुढे, सतरंजीवर बसणार आहोत. बाबा लुगडे नेसून आले की मीच तिला सांगेन, हे माझे बाबा.