खापरांचा कालमापक

ईजिप्तच्या वाळूत सोने शोधणारे पुष्कळ झाले. फुटके मडके जपून उचलणारा विरळाच. सर फ्लिंडर्स पेट्री यांचे मोठेपण या दुसऱ्या गोष्टीत आहे. १८५३ साली इंग्लंडात जन्मलेल्या या संशोधकाने शाळेचे तोंड पाहिले नाही. प्रकृती नाजूक, म्हणून शिक्षण घरीच झाले. मोजणीची विद्या वडिलांनी दिली.

गिझाच्या महापिरॅमिडच्या मापांत ईश्वरी संकेत दडले आहेत, असा सिद्धांत त्या काळी स्कॉटलंडचे राजज्योतिषी पियाझी स्मिथ यांनी मांडला होता. पेट्री पितापुत्र त्याने भारावले होते. तो पडताळण्यासाठी १८८० च्या डिसेंबरात पेट्री गिझाला गेले, खडकात कोरलेल्या एका रिकाम्या थडग्यात त्यांनी बिऱ्हाड थाटले आणि दोन हिवाळे मोजणी केली. पायाची बाजू सरासरी सुमारे ९०६९ इंच भरली. सिद्धांताला हवी होती तिच्यापेक्षा सुमारे सत्तर इंच कमी! ज्या श्रद्धेपोटी एवढा प्रवास केला, तिचाच निकाल लावणारे आकडे त्यांनी १८८३ साली प्रसिद्ध केले. अशी हिंमत विद्वानांतही दुर्मिळच.

१८९२ साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात ते ईजिप्तविद्येचे प्राध्यापक झाले. पण त्यांची खरी कसोटी नकादा येथे लागली. १८९४-९५ च्या हिवाळ्यात तेथे दोन हजारांहून अधिक थडगी उघडली गेली. त्यांत ना लेख, ना राजाचे नाव, नुसती मडकी. बाहेरून आलेल्या कोणा नव्या वंशाची ही थडगी, असे पेट्रींनी ठरवून टाकले. हे लोक फेरोंच्याही आधीचे, असे फ्रेंच संशोधक द मॉर्गन यांनी दाखविले आणि काही वर्षांनी पेट्रींना ते मान्य करावे लागले.

मग त्याच मडक्यांना त्यांनी काळ विचारला. नागमोडी कानांचे मडके घ्या. आरंभी त्याचे पोट फुगीर, कान धरण्याजोगे. पुढे पोट आत जाते, कान निव्वळ नक्षी होतात आणि अखेर नळकांड्यासारख्या भांड्यावर एक रेघ तेवढी उरते. सुमारे नऊशे थडग्यांची एकेक कागदी पट्टी करून, त्या पट्ट्या मागेपुढे सरकवीत पेट्रींनी थडग्यांचा क्रम लावला. क्रमांक त्यांनी ३० पासून दिले. अधिक जुने काही सापडले तर जागा असावी म्हणून! पुढे बदारी येथे तसे सापडले आणि ती राखलेली जागा कामी आली.

कालगणनेतली चूक त्यांनी सुधारली. वंशाचे वेड मात्र सुटले नाही. ईजिप्तची राजसंस्कृती बाहेरच्या श्रेष्ठ वंशाने आणली, हा आग्रह त्यांनी शेवटपर्यंत धरला. माणसांच्या कवट्याही त्यांनी मोजल्या. पण निष्कर्ष आधीच ठरलेला असला की मोजपट्टी काय करणार?

दुसरीकडे, हे उत्खनन ज्यांच्या हातांनी झाले ते ईजिप्तचे शेतकरी होते. सापडलेल्या वस्तूबद्दल पेट्री त्यांना बक्षीस देत, म्हणजे ती चोरबाजारात जाऊ नये. १८९३-९४ पासून कुफ्त गावच्या माणसांना त्यांनी या कामात तयार केले. १९४२ साली जेरुसलेममध्ये पेट्री वारले, त्यानंतरही ईजिप्तमधल्या उत्खननांवर मुकादम म्हणून कुफ्तचीच माणसे पिढ्यान्‌पिढ्या बोलावली जात राहिली.